वेळापत्रकाला शू लागत नाही : विश्वस्त मंडळास खुले पत्र

माननीय विश्वस्त मंडळ,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी परिपत्रक मिळालं. शिपायाने सहीचं रजिस्टर पुढे केलं तेव्हा माझ्या एका हातात फडकं होतं, म्हणून सही जरा वेडीवाकडी आली आहे. ती माझीच आहे. विषयाच्या ओळीत ‘शिशुवर्गातील स्वच्छताविषयक घटनांबाबत’ असं वाचून आधी वाटलं, पाण्याची टाकी साफ करणार असतील. दुसऱ्या परिच्छेदात उलगडा झाला, हे मुलांच्या शू-शीबद्दल आहे.

ज्यांनी परिपत्रक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलाने वर्गात कपडे ओले किंवा खराब केले तर कर्मचाऱ्यांनी ते बदलू नयेत, पालकांना फोन करून बोलवावं. पालक येईपर्यंत मुलाला ऑफिसजवळ बसवावं. प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद ठेवावी आणि एका महिन्यात तीन नोंदी झाल्या तर पालकांशी ‘शिस्तीसंदर्भात’ चर्चा करावी. शेवटचा मुद्दा एका ओळीत उरकलाय. पुढच्या सत्रापासून प्रत्येक वर्गाला मावशी नसतील, मजल्याला एक हाऊसकीपिंगचा माणूस असेल, ठेकेदारामार्फत.

शाळेचं नाव इथे लिहीत नाही. शाळा चांगली आहे, माझी आहे आणि मला अजून सहा वर्षं नोकरी करायची आहे. पण दुसऱ्या दोन शाळांतल्या मैत्रिणींच्या हातातही असाच कागद पडलाय, मजकूर थोडा इकडेतिकडे. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता उघडं लिहिते आहे.

गुरुवारी मी नियम पाळला. कसा पाळला ते सांगते.

मोठ्या शिशूतली मुलगी, वय चार वर्षं दोन महिने. नऊ वाजून दहा मिनिटांनी ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पाय जुळवून गप्प उभी राहिली. बावीस वर्षांत ही उभं राहण्याची तऱ्हा मी इतक्या वेळा पाहिली आहे की पाठीमागूनही ओळखू येते. पोचेपर्यंत लादीवर ओहोळ आला होता. एरवी सव्वानऊला ती कोरडी चड्डी घालून पुन्हा ठोकळे रचत बसली असती. गुरुवारी तिला ऑफिसात नेलं आणि फोन सुरू झाले. आई साकीनाक्याला एका कंपनीत आहे, तिथे कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. बाबा टेम्पो घेऊन भिवंडीला गेलेले. आजी चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गुडघ्यांनी बेजार. आई आली दहा पस्तीसला. तोवर एक तास पंचवीस मिनिटं ती मुलगी ऑफिसच्या बाकावर ओल्या चड्डीत बसून होती, खाली पेपर अंथरून. पेपर बाकासाठी, बाक खराब होऊ नये म्हणून. बोनाफाईडचा दाखला न्यायला आलेले दोघं-तिघं ‘काय झालं गं बाळा?’ म्हणून विचारून गेले. तिने एकालाही उत्तर दिलं नाही. आईची अर्ध्या दिवसाची रजा गेली आणि वर ती मलाच ‘सॉरी बाई’ म्हणाली. यावर बाईंनी काय म्हणावं ते परिपत्रकात लिहिलेलं नाही.

शुक्रवारी तिची पाण्याची बाटली भरलेली आली तशी भरलेली घरी गेली.

या बाटलीबद्दल मला बोलायचंय, कारण हे मी पूर्वी एकदा पाहिलंय आणि तेव्हा चूक माझी होती. नोकरीचं दुसरं का तिसरं वर्ष असेल. एक मुलगा आठवड्यातून दोनदा चड्डी ओली करायचा. एका दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘परत?’ फक्त एवढा एक शब्द. ओरडले नव्हते, आवाजही चढवला नव्हता. पण सगळ्या वर्गाने माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्याने शाळेत पाणी पिणं सोडलं. आईला वाटलं, बाटलीला वास येत असेल, म्हणून तिने नवी आणली. पंधरा दिवसांनी पोराला लघवीची जळजळ सुरू झाली, ताप आला, डॉक्टरांनी जंतुसंसर्ग सांगितला. मूल पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचत राहते. शौचही कडक होतं आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. म्हणजे शरमेने पाणी टाळणारं मूल जास्त वेळा ओलं होतं. हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि माझं डी.एड. झालेलं होतं.

आता थोडा हिशेब मांडते, कारण मंडळात सी.ए. आहेत. चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १५० ते १८० मिलिलीटर मावतं. म्हणजे दोन कटिंग चहाएवढं. आपला शिशुवर्ग आठ ते साडेअकरा आणि मधली सुट्टी एकच, पावणेदहाला. घरून निघताना दूध प्यायलेलं. वर्गापासून स्वच्छतागृह माझ्या ४१ पावलांवर, त्यांच्या ऐंशीएक. वाटेत ऑफिस आणि मोठ्या मुलांचा जिना, जिथून सातवीची पोरं धडाधड उतरत असतात. शिवाय या वयात शू लागलीय हे मुलाला उशिरा कळतं, खेळात असलं तर फारच उशिरा. ‘बाई, शूला जाऊ?’ म्हणेपर्यंत हातात मिनिटभर असतं.

ते मिनिटही पट्ट्यात जातं. चार वर्षांच्या मुलाच्या कमरेला बकलाचा पट्टा कोणाच्या डोक्यातून आला, देव जाणे. हूक, चेन, वर पट्टा, त्यावर इनशर्ट. स्नेहसंमेलनाच्या फोटोत छान दिसतं खरं. पण अर्ध्याहून जास्त वेळा माझं पोर स्वच्छतागृहाच्या दारात पोचलेलं असतं आणि घात त्या बकलाने केलेला असतो. याला मी मुलाची बेशिस्त कशी लिहू? नोंदवहीत ‘कारण’ असा रकाना आहे. तिथे मी ‘गणवेश’ लिहिलं तर चालेल का?

आणि बसायचं कुठे, हा मुंबईतला निराळाच प्रश्न आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत. त्यांतली काही मुलं माझ्या वर्गात आहेत. चाळीत लहान पोराला मजल्यावरच्या सामाईक संडासात कोण पाठवतो? ते घरातल्या मोरीत बसतं, पाण्याचा तांब्या ओतला की झालं. टॉवरमध्ये गेल्यावर समोर कमोड, आत पडू म्हणून भीती, फ्लशचा आवाज आला की कानावर हात. शाळेत आलं की खाली बसायचा संडास आणि दाराची वरच्या बाजूला असलेली कडी, म्हणजे दार लोटून कोणीही येईल ही धास्ती. उलट जन्मापासून कमोडवरच बसलेल्या मुलाला उकिडवं बसता येत नाही, ते मागे कलंडतं. तीन ठिकाणच्या तीन तऱ्हा, आणि वय चार.

शब्दांचंही तेच. एका नव्या शिक्षिकेला वर्गातला एक मुलगा सारखा ‘मोरीत जायचंय’ म्हणत होता. तिला वाटलं, हात धुवायचेत. तिने नळाकडे नेलं, तिथेच झाली. तेव्हापासून प्रवेशाच्या दिवशी मी पालकांना एक प्रश्न विचारते, तुमच्या घरी शूला काय म्हणता? शू, सुसू, एकी, नुसती करंगळी, ‘टीचर, टॉयलेट’, मोरी. मालवणी आजीच्या हाताखाली वाढलेली एक पोरगी जो शब्द मोठ्याने म्हणायची तो इथे लिहिला तर मंडळ दुसरं परिपत्रक काढेल. सगळे शब्द माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतात. परिपत्रकाने सांगितलेल्या नोंदवहीपेक्षा ते पान जास्त कामाचं आहे.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते. तो मला पटतो, म्हणूनच त्यावर नीट बोलायला हवं.

कर्मचाऱ्यांनी मुलांच्या कपड्यांना हात लावू नये, या वाक्यामागे काय आहे ते आपण सगळे जाणतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात जे गुदरलं आणि त्यानंतर लोक रुळांवर उतरले, तो आठवडा मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या आया दारात मुलींचे हात सोडत नव्हत्या. एकीने विचारलं, ‘बाई, हिला शूला कोण नेतं?’ मी मावशींकडे बोट दाखवलं. ती मावशींकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘ह्याच ना? रोज ह्याच ना?’ आणि गेली.

त्या आईला जे उत्तर मिळालं तेच आपण काढून टाकतो आहोत. आरोपी सफाई कर्मचारी होता, ठेक्यावरचा, पुरुष. त्यातून मंडळाने धडा काय घ्यावा, तर ओळखीच्या बाईचा हात मुलापासून लांब करून ठेकेदाराचा बदलता माणूस मजल्यावर आणावा? कॅमेरे बसवलेत, बरं केलंत, कॉरिडॉरमध्ये हवेतच. पण कॅमेरा मुलाला चड्डी घालत नाही. मूल ओलं झालं की कोणीतरी त्याला हात लावणारच आहे. तो कोणाचा, कुणाच्या समोर आणि मुलाला विचारून का, एवढंच आपल्या हातात आहे.

आम्ही काय करतो ते सांगते, नियमात घालायचं असेल तर घाला. नेताना मावशी असतात आणि दुसरी एक बाई दिसेल इतक्या अंतरावर. दार अर्धं उघडं. आधी विचारायचं, ‘मी मदत करू, का तू करतोस?’ बहुतेकांना स्वतःच करायचं असतं, आपण फक्त चड्डीची पुढची बाजू दाखवायची. जे नको म्हणेल त्याला टॉवेल गुंडाळून थांबायचं. घरी सोडताना पालकांच्या कानात सांगायचं, सगळ्यांसमोर नाही आणि ग्रुपवर तर नाहीच. याला चार मिनिटं लागतात, फार तर सहा.

ओल्या कपड्यांची पिशवी हाही एक विषय आहे. पूर्वी पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ओली चड्डी गाठ मारून द्यायचो आणि ती पिशवी हातात घेऊन मूल अख्ख्या गेटमधून जायचं. २०१८ला प्लास्टिकबंदी आली. बाजारात ती किती टिकली ते सांगत नाही, पण त्या निमित्ताने मावशींनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. आता डबा विसरलेलं मूलही तीच पिशवी नेतं, चित्रकलेचा कागदही त्यातूनच जातो. आत काय आहे ते कोणाला कळत नाही. पावसाळ्यात मात्र जादा चड्ड्या वाळत नाहीत, पंख्याखाली खुर्च्यांवर टाकलेल्या असतात. जुलैमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांना त्या दिसल्या होत्या. त्या बाजूला करून साहेब खुर्चीवर बसले. सज्जन माणूस.

बाकी वर्गात एकच शब्द चालतो, ‘सांडलं’. पाणी सांडलं, वरण सांडलं, रंग सांडला, शू सांडली. सगळ्याला एकच फडकं आणि एकच वाक्य, ‘सांडलं, पुसून घेऊ.’ हे मी मावशींकडून शिकले. त्याआधी मीही हुशारी करून पाहिली होती. मुलाची फजिती होऊ नये म्हणून माझ्या बाटलीतलं पाणी मुद्दाम त्या ओल्यावर ओतलं आणि म्हटलं, अगंबाई, माझंच पाणी सांडलं! शेजारच्या मुलाने वाकून वास घेतला आणि जाहीर केलं, ‘बाई, हे पाणी नाहीये.’ चार वर्षांच्या मुलांना फसवता येत नाही. लपवायला गेलं की त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांना कळतं.

परिपत्रकात शू-शीच्या पंगतीला उलटी आणि नाकातून रक्त येणंही बसवलंय, सगळ्यांना एकच नियम. इथे मात्र घोळ होईल. घोळणा फुटला तर पालक येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. मुलाला बसवायचं, मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं सोडायचं नाही. आपल्या ऑफिसात अजून मान मागे करून कांदा हुंगवतात; मागे केलेल्या मानेने रक्त घशात उतरतं आणि मग उलटी होते, म्हणजे एकाच्या दोन ‘घटना’. आणि नाकात शेंगदाणा किंवा वाटाणा गेला असेल तर त्याला कोणीही हात लावायचा नाही, चिमटा तर मुळीच नाही. दाणा ओलाव्याने फुगतो, तो डॉक्टरांनीच काढायचा. तिथे पालकांना फोन हवाच, आणि तोही लगेच. नियम करायचा तर हे वेगवेगळं लिहा. हवं तर मी लिहून देते.

महिन्यात तीन नोंदी झाल्यावर चर्चा, याला माझा विरोध नाही. ‘शिस्त’ या शब्दाला आहे. आधी कोरडं राहणारं मूल अचानक ओलं व्हायला लागलं तर विचारायलाच हवं. घरी नवं बाळ आलं का, जागा बदलली का, जळजळ होते का, फार तहान लागते का, कोणाची भीती बसली का. शेवटचा प्रश्न विचारताना मला बदलापूर आठवतं, तुम्हालाही आठवावं. ही चर्चा आईला खुर्ची देऊन करायची असते.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या सतराव्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, माझी मुलं त्याच्या उंबरठ्याबाहेर बसलेली आहेत. ओल्या चड्डीत बाकावर बसवणं हा सहा वर्षांच्या मुलाला मानसिक त्रास असेल तर चार वर्षांच्या मुलाला काय असेल, हे मंडळातल्या वकीलसाहेबांना विचारते.

मागच्या बैठकीत एकजण म्हणाले होते, की शेजारच्या इंग्रजी शाळेत सगळं शिकलेलीच मुलं घेतात, आपणच का घाण काढायची. पट घसरतोय, ती काळजी मलाही आहे. यंदा मोठ्या शिशूत ३४ आहेत, मी लागले तेव्हा दोन तुकड्या होत्या. पण ही ३४ इथे का आली, हे मी त्यांच्या आयांना विचारलंय. फीचं कारण आहेच. दुसरं कारण दहाजणींनी तरी सांगितलं, ‘तुमच्या मावशी चांगल्या आहेत.’ बाई चांगल्या आहेत असं तिघी म्हणाल्या. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

हॉलमध्ये ताराबाई मोडकांचा फोटो आहे. आपण दरवर्षी हार घालतो. १९४५ला त्यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. मुलं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिथे मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हा शिक्षणाचाच भाग होता. त्यांच्या फोटोखाली हे परिपत्रक लावलंय. खिळा तिथेच होता म्हणून लावलं असेल.

तर माझं म्हणणं असं. मावशी राहू द्या, वर्गाला एक, आणि त्यांना ठेकेदाराच्या नव्हे, शाळेच्या हजेरीवर ठेवा. शिशुवर्गाचा पट्टा बंद करून इलॅस्टिकची चड्डी करा. स्वच्छतागृहाची एक कडी दोन फुटांवर बसवा. सुताराला मी विचारलंय, तो म्हणाला शंभर रुपये आणि चहा. मधली सुट्टी एकच राहिली तरी हरकत नाही, आम्ही नऊला आणि साडेदहाला रांग करून नेऊ, वेळापत्रकात त्याला ‘परिसर अभ्यास’ लिहू.

सोमवारपासून मी बाकाचा नियम पाळणार नाही. गुपचूप मोडायचा नाही म्हणून आधी कळवते आहे. नोंदवही ठेवीन, वेळेसह, आणि ‘कारण’ या रकान्यात जे खरं असेल तेच लिहीन. तीसएक नोंदी झाल्या की मंडळाने एकदा वाचावी.

बैठक नेहमीसारखी शनिवारी संध्याकाळी ठेवू नका, तेव्हा शाळा फार स्वच्छ असते. एखाद्या दिवशी नऊच्या सुमारास वर्गातच या. आणि घरी चार-पाच वर्षांच्या नातवंडांच्या जुन्या चड्ड्या असतील तर येताना घेऊन या, मुलांच्या-मुलींच्या दोन्ही चालतील, आमचं कपाट गुरुवारपासून रिकामं आहे. दारातून आत येताना डावीकडची लादी बहुधा ओली असेल. जपून.

आपली नम्र,
मोठ्या शिशूच्या बाई